झेंड्यांची दोरी आधी बांधा

पोरांच्या पोहण्याच्या स्पर्धेसाठी सरावाचं वेळापत्रक कसं आखावं, यावर मे महिन्यापासूनच रोजचं अंतर वाढवत न्या, असं वर दोघातिघांनी सुचवलंय. दहाच्या आतल्या पोरांसाठी मला ते पटत नाही. आधी स्ट्रोक (हातपाय मारण्याची पद्धत) आणि टर्न (भिंतीपाशी वळणं) बसू द्या, दम नंतरही येतो. पण एक गोष्ट सगळ्यांच्याच वेळापत्रकातून सुटलीय. सराव 25 मीटरच्या टाकीत आणि स्पर्धा पुण्यात बालेवाडीला 50 मीटरमध्ये, अशी आपल्याकडे अनेकांची गत. 100 मीटरला इथे तीन टर्न मिळतात, तिथे एकच. भिंतीला पाय मारून मिळणारा फुकटचा वेग गेला की शेवटी हात जड होतात. त्यामुळे स्पर्धेआधीचे काही शनिवार मोठ्या टाकीसाठी आत्ताच राखून ठेवा, ऐनवेळी लेन मिळत नाही.

आणि बॅकस्ट्रोकच्या झेंड्या, म्हणजे पाठीवर पोहताना भिंत जवळ आल्याचं कळावं म्हणून पाण्यावर आडव्या टांगतात त्या! नियमाने त्या भिंतीपासून 5 मीटरवर हव्यात, पण सरावाला लावतो कोण? मग पोरं मान वळवून भिंत शोधतात, नाहीतर डोकं आपटून घेतात. सुतळीला कापडाच्या पट्ट्या बांधल्या तरी भागतं. झेंडी डोक्यावरून गेली की भिंतीपर्यंत किती हात मारावे लागतात ते मोजायचं, ज्याचा त्याचा आकडा वेगळा. पोरं उंच झाली की तोही बदलतो, म्हणून दिवाळीनंतर पुन्हा मोजून घ्या.