कन्व्हेयन्स : या वेळी शेवटपर्यंत

सेक्रेटरी (ए-१०४): सर्वांना नमस्कार 🙏 रविवारी सकाळी १० वाजता विशेष सर्वसाधारण सभा. विषय एकच, डीम्ड कन्व्हेयन्सचा ठराव, म्हणजे बिल्डरच्या सहीवाचून जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा. कोरमला २० सभासद लागतात, मागच्या वेळी १३ जण आले होते.

सी-२०१: घाई कशाला? बिल्डर 'करून देतो' म्हणालाय ना.

बी-४०३ काकू: दादा, सोसायटी नोंदवली तेव्हापासून तो हेच म्हणतोय. करारात वेगळी मुदत नसेल तर नोंदणीनंतर ४ महिन्यांत त्याने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून द्यायला हवी होती. मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा फ्लॅट मालकीचा कायदा, १९६३ चा आहे. २००८ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या सहीवाचूनही आपलं काम होतं. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, ते त्याला नोटीस काढतात, म्हणणं ऐकतात आणि आदेश देतात. तो फिरकलाच नाही तरी सुनावणी अडत नाही.

ए-६०१: पण फ्लॅट तर आमच्या नावावर आहे. मग अडलंय कुठे?

बी-४०३ काकू: फ्लॅट तुमचा, खालची जमीन नाही. प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जमिनीचा सरकारी उतारा, काढून बघा, कोणाचं नाव आहे ते. उद्या पुनर्विकास काढला की उरलेल्या एफएसआयवर, म्हणजे जमिनीवर अजून किती बांधता येतं त्यावर, तो हक्क सांगणार आणि आपण त्याच्या दारात उभे. आपल्या बिल्डिंगच्या पिलरला तडे गेलेत, हे आठवून मला रात्री झोप लागत नाही.

सी-५०२: काकू, एकदम पटलं. बिल्डरला कळू दे, वी मीन बिझनेस!

बी-४०३ काकू: कळेल रे बाळा, पण ग्रुपवर लिहून नाही कळणार. रजिस्टर पोस्टाने नोटीस गेली आणि मागोमाग पूर्ण फाइल दाखल झाली की कळेल. तू रविवारी ये, आणि तुमच्या मजल्यावरच्या सगळ्यांना घेऊन ये.

बी-१०२: कागद कोणते लागतील?

सेक्रेटरी (ए-१०४): प्रत्येकाच्या नोंदणीकृत कराराची प्रत आणि इंडेक्स टू, म्हणजे त्या नोंदणीचा उतारा. सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, प्रॉपर्टी कार्ड, सभासदांची यादी हे मी बघतो.

बी-१०२: आमचा करार पुरात गेला हो.

बी-४०३ काकू: वहिनी, दस्त नंबर आणि वर्ष घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज करा, प्रमाणित नक्कल मिळते. नंबर नसेल तर बँकेकडे विचारा, गृहकर्जाच्या फाइलमध्ये सापडेल.

डी-३०३ (सध्या दुबईत): मी स्कॅन आजच मेल करतो. सभेला नाही येऊ शकत, क्षमस्व.

सी-२०१: आणि खर्च? प्रत्येकाला स्टॅम्प ड्युटी पुन्हा भरावी लागणार का?

सेक्रेटरी (ए-१०४): आपण करारावर भरलेली ड्युटी धरली जाते, म्हणून तर सगळ्यांचे करार हवेत. ज्यांच्या करारावर कमी भरली असेल त्यांचा फरक निघू शकतो. वकिलांच्या फीचे आकडे सभेत मांडतो.

बी-४०३ काकू: अजून एक. आदेश हातात आला की पेढे वाटून मोकळं व्हायचं नाही. त्यानंतर मुद्रांक शुल्काचा अभिनिर्णय (किती शुल्क लागतं ते सरकारकडून ठरवून घेणं), दस्ताची नोंदणी, मग प्रॉपर्टी कार्डवर सोसायटीचं नाव. तिथवर मी दर आठवड्याला विचारणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.

सी-२०१: काकू, रविवारी येतो. आमच्या विंगचे करार मी गोळा करतो.

सेक्रेटरी (ए-१०४): फार बरं होईल. शनिवारी संध्याकाळी ६ ते ८ ऑफिस उघडं ठेवतो, झेरॉक्स तिथेच द्या. पहिल्या पानावर फ्लॅट नंबर लिहायला विसरू नका.