किंग्जवाले आहात का कुणी? (सॅक्रामेंटोच्या बास्केटबॉल टीमचे अनुभव)

सांजवेळ
काल गॅरेज आवरताना एका खोक्याच्या तळाशी गाईच्या गळ्यातली घंटा सापडली. जांभळी. लोलकाला बाळाचा मोजा गुंडाळलेला. मोजा काढून एकदाच हलवली, तर वरून लेक ओरडली, "आई, काय पडलं?" २००२ मध्ये तिची झोप मोडू नये म्हणूनच नवऱ्याने तो मोजा बांधला होता!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: लॉस एंजेलिसच्या लेकर्स टीमचे तेव्हाचे कोच फिल जॅक्सन यांनी सॅक्रामेंटोला गुराढोरांचं गाव म्हणून हिणवलं होतं. मग काय, लोक किंग्जच्या तेव्हाच्या स्टेडियमात, आर्को अरीनात, घंटाच घेऊन बसायचे आणि लेकर्सच्या बाकामागे बडवायचे.

त्या वर्षी किंग्जने ६१ सामने जिंकले होते, लीगमध्ये सगळ्यात जास्त. सासरे पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. बास्केटबॉल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पण टीव्हीसमोर बसून पंधरा दिवसांत वेबर, दिवाच, बिबी, स्तोयाकोविच सगळे तोंडपाठ. दिवाचला "आपले दिवाकर" म्हणायचे.

लेकर्सविरुद्धच्या सात सामन्यांच्या मालिकेतला सहावा सामना आठवतो ना? जिंकलो असतो तर थेट फायनल. चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सना फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारे मोकळे फेक) मिळतच गेले, मिळतच गेले. सासऱ्यांनी विजेच्या बिलाचं पाकीट घेतलं आणि मागच्या बाजूला रेघा मारायला लागले. चार उभ्या, एक आडवी. सामना संपला तेव्हा पाच जुड्या आणि वर दोन रेघा. सत्तावीस! एका क्वार्टरमध्ये. १०६-१०२ हरलो. ते काही बोलले नाहीत, पाकिटाची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. ते पाकीटही खोक्यात निघालं.

सासरे आता नाहीत. तुमच्या किंग्जच्या आठवणी लिहा. आणि या टीमचं पुढे काही होणार आहे का, तेही.

कडीपत्ता
घंटा!!! पहिला नंबर माझा. कुकर लावलाय, येते परत.

फुलटॉस
सहावा सोडा, मला चौथा छळतो. पहिल्या हाफमध्ये २४ ने पुढे होतो. शेवटच्या सेकंदाला दिवाचने चेंडू जिवाच्या आकांताने बाहेर टोलवला आणि तो नेमका रॉबर्ट हॉरीच्या हातात. ९९-१००. दिवाकररावांनी दुसऱ्या कुठल्याही दिशेला मारला असता तरी चाललं असतं.

बिनसाखर
आणि सातवा? घरच्या मैदानावर, ओव्हरटाइममध्ये हरलो. तीस फ्री थ्रो मिळाले, त्यातले सोळाच टाकले. रेफरींच्या नावाने बोटं मोडणारे सातव्याचा विषय काढत नाहीत.

फुलटॉस
@बिनसाखर आयडी सार्थ केलात.

वरळीची_सर
मी सॅक्रामेंटो नकाशावरही दाखवू शकणार नाही, पण किंग्ज पाहिलेत. ४ ऑक्टोबर २०१९, एनएससीआय डोम. भारतातला पहिला एनबीए (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) सामना, इंडियाना पेसर्सविरुद्ध. पहिला दिवस शाळेच्या मुलांसाठी होता, तीनेक हजार पोरं. मी आमच्या शाळेच्या पोरांबरोबर शिक्षिका म्हणून. त्या डोममध्ये यू मुम्बाची कबड्डी पाहिलेली, त्यामुळे आवाजाची सवय होती असं वाटलं होतं. छे! पोरं दोन्ही बाजूंच्या बास्केटला सारखीच किंचाळत होती. कोण कुठली टीम याचं कुणाला सोयरसुतक नाही. सातवीतल्या एकाने विचारलं, "बाई, यांना शाळेत बाकावर बसता येत असेल का?"

सामना ओव्हरटाइममध्ये गेला. मुलं नाचतायत आणि बाहेरून बसचे ड्रायव्हरकाका मला फोनवर फोन, "मॅडम, अजून किती?" एका गुणाने हरले किंग्ज, १३१-१३२. दुसऱ्या दिवशीही हरले म्हणे.

त्यातली एक मुलगी नागपाड्याला राहायची. तिच्यासाठी यात नवल काहीच नव्हतं, त्यांच्या गल्लीत क्रिकेटइतकाच बास्केटबॉल. बाकीच्यांना तीच नियम समजावत होती.

ओसरी
मालक रणदिवे म्हणजे आपलेच ना?

तिरफळ
विवेक रणदिवे. मुंबईत वाढलेले, जुहूचे. मग एमआयटी, मग सॉफ्टवेअर कंपनी. आधी वॉरियर्स या दुसऱ्या एनबीए टीममध्ये भागीदारी होती, ती विकून २०१३ मध्ये किंग्ज घेतली.

ओसरी
आमच्या मावशीच्या जावा रणदिवेच. विचारते.

तिरफळ
विचारा, आणि नातं निघालं तर त्यांना सांगा की कोच जरा टिकू द्या.

बिऱ्हाड
बसमधून लिहितोय, चुका पोटात घ्या. नव्वदच्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरला नोकरीला होतो. सोबतच्या एका म्हाताऱ्या अमेरिकन सहकाऱ्याच्या टेबलावर रॉयल्सचा जुना फोटो. ते म्हणायचे, "ते सॅक्रामेंटोचे किंग्ज आहेत ना, ते आमचेच." मला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट आहे. पण खरंच की! रोचेस्टर रॉयल्स १९५१ चे चॅम्पियन. न्यूयॉर्क निक्सविरुद्ध ३-० पुढे होते, मग सलग तीन हरले, सातवा कसाबसा जिंकला. तीच या टीमची एनबीएतली पहिली आणि आजवरची एकमेव ट्रॉफी. म्हणजे टांगणीला लावायची खोड जन्मजात.

१९५७ ला सामान बांधून सिनसिनाटी. १९७२ ला कॅन्सस सिटी, तिथे बेसबॉलवाल्यांचं नाव आधीच रॉयल्स, म्हणून हे किंग्ज झाले. काही सामने ओमाहाला खेळायचे. १९७९ मध्ये तर वादळात त्यांच्या अरीनाचं छप्पर कोसळलं. १९८५ ला सॅक्रामेंटो. मी स्वतः नोकरीपायी पाच शहरं बदलली, त्यामुळे या टीमबद्दल बंधुभाव वाटतो. उतरायचं आलं.

कडीपत्ता
आले. कुकर झाला. ऑस्कर रॉबर्टसनचं नाव कसं नाही आलं अजून? १९६१-६२ ला सिनसिनाटीसाठी अख्ख्या मोसमाची सरासरी ट्रिपल-डबल (गुण, रिबाउंड, असिस्ट तिन्हींत दोन आकडी). आणि कॅन्सस सिटीचा टायनी आर्चिबाल्ड, १९७२-७३ ला गुणांतही पहिला आणि असिस्टमध्येही पहिला. नवऱ्याचं ऐकून ऐकून पाठ झालंय, मी एकही पाहिला नाहीये :)

मंदवात
सिनसिनाटीचा विषय निघालाच आहे तर मॉरिस स्टोक्स. मार्च १९५८, मोसमाचा शेवटचा साखळी सामना, खाली पडून डोक्याला मार लागला. शुद्धीवर आला, पुन्हा खेळला. तीन दिवसांनी प्लेऑफचा सामना खेळून परतताना विमानात कोसळला तो कायमचा लुळा. चोवीस वर्षांचा होता. त्याच टीममधला जॅक ट्वायमन कायदेशीर पालक झाला, उपचारांच्या पैशांसाठी दरवर्षी प्रदर्शनी सामने भरवले. १९७० मध्ये स्टोक्स गेला, तोवर बारा वर्षं.

आमच्या दादाला पक्षाघात झाल्यावर सुरुवातीला घर माणसांनी भरलेलं असायचं. तिसऱ्या महिन्यात दर रविवारी येणारा एकच मित्र उरला. दाढी करून द्यायचा त्याची. गप्पा नाहीत काही नाहीत, दाढी करायची, चहा घ्यायचा, जायचं. ट्वायमनबद्दल वाचलं तेव्हा तो मित्रच डोळ्यांपुढे आला. विषयांतर झालं, माफ करा.

सांजवेळ
@मंदवात माफी कसली. लिहीत राहा.

निवडुंग
घंटा पितळी आहे का? चिंच लावून घासा, लख्ख होईल.

सांजवेळ
पत्र्याची आहे हो! चिंच लावली तर भोक पडेल.

आर्कोच्या_पायऱ्या
१३ एप्रिल २०११. कुणीच कसं लिहिलं नाही? टीम अनाहाइमला जाणार हे जवळपास नक्की, शेवटचा सामना म्हणून गेलो होतो. समोर लेकर्सच (अजून कोण असणार). चौथ्या क्वार्टरमध्ये वीसेक गुणांची पिछाडी भरून काढली, तर लेकर्सच्या कोबी ब्रायंटने शेवटी तीनचा मारून ओव्हरटाइम केला, आणि हरलो. पण नंतर लोक जाईनातच. दिवे कमी केले तरी बसून. सुरक्षारक्षकही हाकलत नव्हते, त्यांचीही ती नोकरी संपणार होती. टीव्हीवरचे समालोचक रडत होते म्हणे. माझ्या शेजारी एक आजी होत्या, त्यांनी पर्समधून सुरी काढली... नाही नाही, सफरचंद कापलं! मलाही फोड दिली. सुरी आत कशी आणली देव जाणे.

ती टीम गेली नाही. दोन वर्षांनी सिअ‍ॅटलला विकायचा घाट घातला, तेव्हा मेयर केव्हिन जॉन्सन (स्वतः एनबीए खेळलेले) रणदिव्यांना घेऊन आले आणि लीगच्या मालकांनी २२-८ ने स्थलांतर फेटाळलं. गंमत म्हणजे सिअ‍ॅटलची टीम २००८ मध्ये ओक्लाहोमाने नेली होती. त्यांच्या लोकांचं वाईटच वाटलं. आपली वाचली ती त्यांच्या नशिबाच्या जिवावर.

फुलटॉस
आर्कोचं नंतर एका मनगटपट्टीच्या कंपनीचं नाव, मग गाद्यांच्या दुकानांचं. गाद्यांचं नाव दिल्यावर टीमही झोपली.

काटेसावर
झोपली म्हणजे किती? २००६ नंतर थेट २०२३. सोळा मोसम प्लेऑफ नाही, एनबीएचा विक्रम. माझं लग्न, दोन मुलं, घर, घराचं रिफायनान्स, सगळं त्या सोळात बसलं.

पण २०२२-२३! पहिले चार सामने हरलो, नवऱ्याने सवयीने टीव्ही बंद केला. मग तो जांभळा लेझरचा झोत. जिंकलं की गोल्डन वन सेंटर या नव्या अरीनावरून सरळ आभाळात. आम्ही नदीपलीकडे राहतो. धाकटा सात वर्षांचा, सामना संपला की पायजम्यात अंगणात. झोत दिसला की "लागली!" दिसला नाही की मुकाट्याने आत, दात घासायला. ४८ सामने जिंकले त्या वर्षी, थंडीत किती वेळा बाहेर उभी राहिले असेन. शेवटी वॉरियर्सविरुद्ध सातव्या सामन्यात स्टेफ करीने ५० गुण ठोकले. त्या रात्री धाकटा तरी बाहेर गेला. म्हणाला, "चुकून लावतील."

बदलीवाला
फेब्रुवारीत सॅक्रामेंटोला बदली होतेय. एल्क ग्रोव्हच्या शाळा कशा आहेत? फॉलसम बरं पडेल का?

काटेसावर
@बदलीवाला व्यनि करते. उन्हाळ्याची तयारी ठेवा, नागपूर समजा.

निवडुंग
तो पंजाबी उंच मुलगा पण किंग्जकडूनच होता ना? सतनाम?

तिरफळ
दोघांची गल्लत होतेय. सिम भुल्लर, कॅनडाचा, सात फूट पाच इंच, एप्रिल २०१५ मध्ये किंग्जकडून उतरला. भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू. सतनाम सिंगला त्याच वर्षी डलासने ५२ व्या क्रमांकावर निवडलं, पण एनबीएच्या सामन्यात उतरायला मिळालं नाही.

बिनसाखर
आठवणी झाल्या असतील तर भविष्याचं बोलू. मायकल मलोनला डिसेंबर २०१४ मध्ये काढलं, तेही टीमचा मुख्य खेळाडू कझिन्स मेनिंजायटिसने आजारी असताना. त्याने २०२३ ला डेन्व्हरला चॅम्पियन केलं. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडायच्या फेरीत) दुसरा नंबर मिळाला तर पुढे स्टार झालेला डॉन्चिच सोडून बॅग्ली घेतला. निर्णय कुणाचा? जनरल मॅनेजर दिवाचचा, म्हणजे सासऱ्यांच्या दिवाकररावांचाच. हॅलिबर्टन देऊन सबोनिस आणला (बरं झालं त्यातून, मान्य), पण हॅलिबर्टनने २०२५ ला पेसर्सना फायनलपर्यंत नेलं. माइक ब्राउनला एकमताने सर्वोत्तम कोच ठरवलं, आणि दीड वर्षात नारळ. मग फॉक्सही सॅन अँटोनियोला. रणदिव्यांनी मुलीच्या शाळकरी टीमला पूर्ण कोर्टभर प्रेस करायला (समोरच्यांना मैदानभर दाबून धरायला) लावून जिंकवलं होतं, तेव्हापासून त्यांना वाटतं आपल्याला कळतं. बाकी माणूस दिलदार आहे. टीम शहरात ठेवली, हे मी विसरत नाही.

२०२५-२६ चा मोसम सुरू झाला तेव्हा डेरोझन ३६ चा, लव्हीन, श्रोडर, सबोनिस. धड जिंकायला नाही, धड हरून चांगला ड्राफ्ट मिळवायलाही नाही. चाळीस सामने जिंकणं हा या टीमचा जुनाट आजार आहे. माझ्या मते मोडावी, कीगन मरे ठेवावा, दोन-तीन वर्षं मुकाट हरावं.

आर्कोच्या_पायऱ्या
"मुकाट हरावं"?? सोळा वर्षं काय करत होतो आम्ही?

बिनसाखर
तेव्हा बेशिस्त हरत होतो. शिस्तीत हरा म्हणतोय.

काटेसावर
एक चांगलं सांगू? डग क्रिस्टी. २००२ च्या टीमचा, आता तोच कोच. मंडळी हसतील, पण तो बाजूला उभा असला की मला बरं वाटतं. आणि हरले काय, जिंकले काय, जाणार कुठे? नवा अरीना भर शहरात आहे, लीजच पस्तीस वर्षांचं. सिअ‍ॅटल-वेगासला टीम हवी असेल तर त्यांना नवी काढून देऊ देत.

बिऱ्हाड
घरी पोचलो. मी १९९०-९१ ची आठवण करून देतो. बाहेरगावी ४१ पैकी १ सामना जिंकलेला. एक! याच्यापेक्षा वाईट होणं अवघड, तेवढा आशावाद मला पुरतो.

ओसरी
मावशीशी बोलले. त्यांचे रणदिवे साताऱ्याचे. काही संबंध नाही. पण मावशीने विचारलं, ती टीम जिंकते का.

फुलटॉस
काय सांगितलंत?

ओसरी
म्हटलं, मालक बदलत नाहीत.

सांजवेळ
हसून हसून मेले. सगळ्यांचे आभार, रात्री निवांत उत्तरं देते. लेकीने घंटा तिच्या खोलीत नेलीये. पाकीट मी दिव्याखाली धरून पुन्हा मोजलं. सत्तावीसच आहेत. फक्त काल एक दिसलं नव्हतं: बाजूला बारीक अक्षरात सासऱ्यांनी "किंग्ज" लिहून त्याखालीही रेघा मारल्यात, त्या नवव्या रेघेवर सोडून दिल्यात.