तुळशीच्या अर्कातले चांदीचे नॅनोकण म्हणे बिनविषारी!

निळीशाई: परवा इथे एकाने लिहिलं, "तुळशीच्या अर्कात बनवलेले चांदीचे नॅनोकण पेशींना काही करत नाहीत, केमिकलवाले करतात." राहवलं नाही म्हणून लिहितेय. अर्क सिल्व्हर नायट्रेटमधल्या आयनांची (विद्युतभारित अणूंची) चांदी करतो, वर एक थर देतो, पण आतली चांदी तीच ना? ती विरघळते, आयन सुटतात आणि पेशी मारतात मुख्यतः तेच. विषारीपणा कमी करायचा तर विरघळणं आवरा. झिंक ऑक्साइडमध्ये लोह मिसळून 2010 मध्ये नेमकं तेच करून दाखवलंय.

रानमेवा: देशी काही दिसलं की तुम्हाला खुपतंच. सोन्याच्या नॅनोरॉडवरचं (सूक्ष्म कांड्यांवरचं) सीटॅब हे साबणासारखं रसायन पेशी मारतं, वर पॉलिमर चढवलं की पेशी जगतात. मग तुळशीचा थर का चालत नाही?

निळीशाई: तिथे दोष मोकळ्या सीटॅबचा, सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात गरगर फिरवून) धुतलं की तो बराच जातो. तुमच्या थरात नक्की काय आहे ते तरी सांगा.

वैद्यबुवा: रजतभस्म, म्हणजे चांदीचंच भस्म, शतकानुशतकं देतोय आम्ही. शोधन (शुद्धी), मारण (भस्म करणं), पुटं (भट्टीत भाजणं), वारितर परीक्षा (भस्म पाण्यावर तरंगतं का ते बघणं) सगळं होतं, तेव्हा कुठे होत्या तुमच्या लॅब?

ठाणेकर: भस्माचं कौतुक मला नका सांगू, माझ्या काकांनी कसलंसं भस्म महिनोन्‌महिने घेतलं आणि रक्तात शिसं निघालं, हात थरथरायचे त्यांचे. पाण्यावर तरंगलं म्हणून पोटात चालेल हे कोणी ठरवलं? 2004 चा अमेरिकन पेपर वाचा, बॉस्टनच्या दुकानांतल्या 70 आयुर्वेदिक औषधांपैकी 14 मध्ये शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक.

वैद्यबुवा: त्यात शास्त्रोक्त भस्मं किती होती ते सांगा! भोंदूंच्या पुड्यांचं पाप आमच्या माथी मारू नका.

ठाणेकर: पुडी देणारा स्वतःला वैद्यच म्हणवत होता.

पेशीवाली: भांडण थांबवा जरा. मी एमटीटी करते, म्हणजे जिवंत पेशी ज्याला जांभळं करतात तो रंग घालून किती पेशी जगल्या ते मोजते. अर्कातली पॉलिफेनॉल्स एमटीटी स्वतःच जांभळं करतात, पेशी मेल्या तरी रीडिंग छान येतं. कंट्रोल म्हणून पेशी न घातलेल्या वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) कण टाकून बघा म्हटलं तर आमच्या गाइडनी ऐकलं नाही, पेपर तसाच पाठवला. त्यात मीडियममध्ये (पेशी वाढवायच्या द्रावात) सिरम (रक्तातला द्रव) असलं की प्रथिनं कणांना चिकटतात आणि विषारीपणा आणखी कमी दिसतो.

रानमेवा: बरं, तो कंट्रोल नसेल तर "सुरक्षित" म्हणू नये, एवढं मान्य. पण साइट्रेटवाल्यांनाही (केमिकलने कण बनवणाऱ्यांनाही) हाच नियम लावा.

निळीशाई: लावाच. आणि रजतभस्मालाही, किती आयन सुटतात ते मोजा.

वैद्यबुवा: मोजा की! नमुना मी देतो, पण रिझल्ट काहीही आला तरी इथेच टाकायचा.