पेक्टिन : नाव काय ठेवावे आणि क्रियापद कोणते वापरावे?

विचारणा : फळांच्या टिकाऊ पदार्थांविषयीच्या मराठी मजकुरात जेली-जॅम घट्ट करणाऱ्या, फळातल्या ‘पेक्टिन’ या पदार्थाला कोठे ‘फळाचा डिंक’, तर कोठे ‘चीक’ म्हटलेले आढळते. यांपैकी कोणता शब्द स्वीकारावा? शिवाय जेली ‘सेट होते’ यासाठी आपल्याकडे नेमके क्रियापद आहे काय?

उत्तर : नाम ‘पेक्टिन’ हेच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. डिंक झाडाच्या सालीतून झिरपून बाहेर वाळतो. पेक्टिन फळाच्या पेशीभित्तिकांत आणि दोन पेशींमधल्या थरात असते व पेशींना एकमेकींशी जखडून ठेवते. ‘चीक’ या शब्दाने तर अधिकच घोटाळा होईल. कच्च्या पपईचा चीक, कुरडयांसाठी काढलेला गव्हाचा चीक आणि खरवसाचा चीक अशा तीन वेगळ्या वस्तू त्या शब्दात आधीच नांदत आहेत. त्यांतले शेवटचे दोन उष्णतेने घट्ट होतात, तर जेलीतले पेक्टिन उलट पाक निवताना जाळे धरते.

फ्रेंच रसायनज्ञ आंरी ब्राकोनो यांनी १८२५ मध्ये हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून घेतले, त्याचा अर्थ ‘साकळलेले, घट्ट झालेले’ असा आहे. नावातच क्रिया दडलेली असल्यामुळे आपला दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. ‘गोठणे’ म्हटले की बर्फ आठवतो. ‘थिजणे’ तुपाला शोभते, पण थिजलेले तूप उन्हात पुन्हा पातळ होते आणि भरपूर साखरेची पेरूची जेली तशी सहजी वितळत नाही. दह्याला ‘लागणे’ फार सुंदर आहे. मात्र पाक लागला म्हटले, तर पातेल्याचा तळ करपला असाच अर्थ कोणीही घेईल. म्हणून मी ‘आळणे’ सुचवतो. पिठले निवले की आळते, तांदळाची खीरही आळते. पाणी उडून कमी होणे ते आटणे, आणि पदार्थाच्या अंगच्या गुणाने दाट होणे ते आळणे; जेलीचा रस आधी आटतो आणि मग आळतो, हा क्रम या दोन क्रियापदांनी अचूक सांगता येतो.

जेलीचा रस आळण्यासाठी पेक्टिनच्या जोडीला सुमारे ६५ टक्के साखर आणि ३ च्या आसपास सामू (pH, म्हणजे आंबटपणाचे माप) लागतो. पेरू, कवठ आणि करवंद यांत पेक्टिन मुबलक असते. महाबळेश्वरहून पुण्यात येणाऱ्या स्ट्रॉबेरीत ते कमी असल्यामुळे तिच्या जॅममध्ये लिंबाचा रस आणि बहुधा वरून पेक्टिनही घालावे लागते. मंडईतून जेलीसाठी पेरू आणताना थोडे करकरीत, नुकते पिकू लागलेले निवडावेत, कारण फळ पिकत जाते तशी त्यातली विकरे (एन्झाइम्स) पेक्टिनचे तुकडे करत जातात. आपण ज्याला ‘लिबलिबीत’ म्हणतो, ती अवस्था म्हणजे हे जखडणे सुटल्याची खूण होय.

पुन्हा विचारणा : ‘जेली’ शाकाहारी समजावी काय? आणि आरोग्यविषयक लेखनात पेक्टिनचे वर्णन कसे करावे?

उत्तर : ‘जेली’ या एका शब्दाखाली दोन्ही प्रकार येतात, म्हणून घटकपदार्थ वाचणे आवश्यक आहे. जिलेटिन प्राण्यांची हाडे व कातडी यांपासून मिळते. पेक्टिन वनस्पतिजन्य असून मुख्यतः लिंबूवर्गीय फळांच्या साली आणि सफरचंदाचा चोथा यांपासून काढतात. वेष्टनावर त्याचा खाद्य-मिश्रक (ॲडिटिव्ह) क्रमांक ४४० असा असतो.

आरोग्याच्या संदर्भात ‘विद्राव्य तंतुमय पदार्थ’ हे वर्णन योग्य आहे. आपली पाचक विकरे पेक्टिन पचवू शकत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात. पुरेशा प्रमाणात घेतल्यास रक्तातील कोलेस्टेरॉल काहीसे कमी होण्यास त्याची मदत होते, परंतु तेवढ्यावरून ‘पेक्टिनयुक्त जॅम हृदयास हितकर’ असे लिहू नये, कारण त्या बरणीत पेक्टिनपेक्षा साखर कितीतरी पटींनी जास्त असते. असे वाक्य लिहायचेच असेल, तर त्यात जॅमऐवजी अख्खा पेरू घालावा.