एसीपी मोठा की एसपी? मालिकांतल्या पोलिसांचा घोळ

मनीषनगरची सून:
रात्री जेवणं आटोपली की सासूबाई आणि मी गुन्ह्यांच्या मालिका लावतो. गोष्ट कळते, पण कोण कोणाचा साहेब ते कळत नाही. एका भागात एसीपी सगळ्यांना हुकूम सोडतो, दुसऱ्यात एसपी आला की सगळे ताठ उभे. मोठा कोण? एएसआय आणि एपीआय एकच का? आणि 'एडी दाखल केली', 'पीसीआर मिळाला' म्हणजे काय? आईंच्या मते एडी म्हणजे जाहिरात.

टाकळी लाईनवाला:
ताई, मी पोलीस लाईन टाकळीत वाढलो. बाबा शिपाई म्हणून लागले अन् सहायक फौजदार होऊन निवृत्त झाले. त्यामुळं हे सगळं जेवता जेवता कानावर पडलेलं.

नागपूर शहराला पोलीस आयुक्त आहे, म्हणून सीताबर्डीकडे एसीपी म्हणजे सहायक आयुक्त, डीसीपी म्हणजे उपायुक्त. काटोल, उमरेड, रामटेक पडतात नागपूर ग्रामीणमध्ये, तिथं एसपी, म्हणजे पोलीस अधीक्षक. ग्रामीणचा डीवायएसपी, म्हणजे उपअधीक्षक, आपल्या एसीपीच्या बरोबरीचा अन् एसपी डीसीपीच्या. म्हणजे एसपी आला तं एसीपीनं उभं राहायलाच पाहिजे. पण मालिकावाले दोघांना एकाच ठाण्यात बसवून राहिले, तिथं गडबड होते.

एएसआय म्हणजे सहायक फौजदार, एक तारा. मग पीएसआय, म्हणजे फौजदार, दोन तारे. त्याच्या वर एपीआय, म्हणजे सहायक निरीक्षक, अन् मग पीआय, म्हणजे निरीक्षक. बहुतेक राज्यांत उपनिरीक्षकानंतर थेट निरीक्षकच असतो, एपीआय हे आपल्या महाराष्ट्राचं. एपीआय अन् पीआय दोघांनाही तीन तारे, म्हणून खांद्यावरची फीत बघा: एपीआयची नुसती लाल, पीआयची लाल-निळी. तीन तारे आहेत पण फीतच नाही, तो एसीपी. अशोकस्तंभ अन् एक तारा दिसला की एसपी नाहीतर डीसीपी.

एसीपी गुडघ्यावर बसून पायाचे ठसे बघायला लागला की बाबा टीव्हीच बंद करायचे! एरवी तपास पीएसआय, एपीआयकडे असतो अन् कागद रंगवतो हवालदार. ॲट्रॉसिटीचा गुन्हा असला तं गोष्ट वेगळी, तिथं डीवायएसपीच्या खालचा तपास अधिकारी चालतच नाही. अन् ठाण्याचं डीबी पथक, जे साध्या कपड्यात रात्रभर चोरांमागं फिरते, ते कोणत्या मालिकेत दिसलं का तुम्हाला?

सिव्हिल लाईन्सची वकील:
कोर्टाकडचं मी सांगते. एडी म्हणजे आकस्मिक मृत्यू. आपल्याकडचे जुने पोलीस त्यालाच 'मर्ग' म्हणतात. प्रेत सापडलं आणि कारण स्पष्ट नसलं की आधी मर्ग दाखल होतो, पंचनामा होतो, पोस्टमॉर्टेम मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात. घातपात निघाला तर मग खुनाचा गुन्हा. मालिकेत मात्र पहिल्या पाच मिनिटांत 'हा खून आहे'.

पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, थोडक्यात वर्धा रोडचं सेंट्रल जेल. अटकेनंतर 24 तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे न्यावंच लागतं. पोलीस कोठडी साधारणपणे सगळी मिळून 15 दिवसांच्या वर जात नाही. म्हणून सरकारी वकील 'हत्यार जप्त करायचं आहे' म्हणत पीसीआर मागतात आणि आम्ही एमसीआरसाठी भांडतो.

आणखी एक. 1 जुलै 2024 पासून घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते. खुनाची शिक्षा आता कलम 103 मध्ये आहे. मालिकांच्या संवादांत अजून जुन्या कायद्याचं 'तीनशे दोन लावा' चालू आहे, आणि खरं तर कोर्टाच्या कँटीनमध्येही.

मनीषनगरची सून:
आईंनी फीत बघायला सुरुवात केली, कालच्या भागात एक 'पीआय' लाल फितीचा निघाला म्हणे! त्यांचा आता एकच प्रश्न. 'सीआयडी'मधले एसीपी प्रद्युम्न कोणत्या शहराचे?

टाकळी लाईनवाला:
आईंनी बरोबर धरलं. राज्य सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे, पण ते काही आयुक्तालय नाही. तिथं त्या दर्जाचा अधिकारी डीवायएसपी म्हणवतो. शहरातला खून आधी ठाण्याकडे, मग फार तं गुन्हे शाखेकडे. सीआयडीकडे जातात ते सरकारनं सोपवलेले गुन्हे अन् पोलीस कोठडीतले मृत्यू. दार तोडायला वेगळा माणूस मात्र कुठंच नसते, ताई. आधी कडी वाजवतात.