आमच्या मोरीतून वरच्यांचा साबुदाणा वर येतोय

तळमजलेकरीण
कोथरूडला जुनी तीन मजली सोसायटी, आम्ही तळमजल्यावर. आषाढी एकादशीला सकाळी मोरीच्या जाळीतून बुडबुडे आले, मग काळपट पाणी, आणि त्यावर तरंगत चक्क साबुदाणा! सासूबाईंना डॉक्टरांनी उपास बंद केलेत, आमच्याकडे त्या दिवशी वरण-भात होता. पाठोपाठ कमोडमध्ये गुडगुड. दुपारी पाणी आपोआप ओसरलं, पण आता वरच्यांची वॉशिंग मशीन सुटली की रोज तेच. प्लंबरने दोनदा येऊन जाळीत ॲसिड ओतलं आणि पैसे घेऊन गेला. सेक्रेटरी म्हणतात, पाणी तुमच्या घरात येतंय, तुम्हीच बघा. नेमकं कुठे तुंबलंय हे ओळखायचं कसं?

चाळकरी
एकादशीला घरपोच फराळ, तोही फुकट. (सॉरी, राहवलं नाही.)

पान्हेवाला
ताई, तीस वर्षं ड्रेनेजची कामं करतोय. तुमचं उत्तर त्या साबुदाण्यात आणि कमोडच्या गुडगुडीत आहे. जुन्या इमारतीत बहुतेक सिंकचं आणि मोरीचं पाणी गली ट्रॅपमधून (भिंतीबाहेरचा, वास अडवणारा पाण्याचा सापळा) चेंबरला (ड्रेनेजची झाकण असलेली जमिनीतली टाकी) जातं आणि संडासाची वेगळी लाइन चेंबरलाच त्याला भेटते. सिंकमधला साबुदाणा मोरीत आला आणि पाठोपाठ कमोडही गुडगुडला, म्हणजे अडथळा चेंबरच्या पुढे आहे. तुमच्या नहाणी ट्रॅपचा, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या भांड्याचा, काही दोष नाही. पाणी तुंबलं की घरांतल्या सगळ्यात खालच्या तोंडातून बाहेर पडतं, आणि ते तोंड तुमची मोरी.

पाणी वर येत असतानाच घराजवळच्या चेंबरचं झाकण काढायला लावा. भरलेला दिसला तर पुढचा बघा, मग त्याच्या पुढचा. भरलेला चेंबर आणि रिकामा चेंबर यांच्या मधला पाइप चोंदलेला. गेटपर्यंत सगळेच भरलेले असतील तर रस्त्यावरची लाइन, तिथे महापालिकेत तक्रार. आत डोकं घालू नका, गॅस असतो. माणूस तर उतरवूच नका, सुरक्षेच्या साधनांशिवाय उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. जेटिंगवाला (जोराच्या पाण्याने पाइप साफ करणारा) बोलवा. आणि ॲसिड बंद! वरून कोणी ब्लीच ओतलं तर क्लोरीन वायू होतो.

दोन गोष्टी सांगा. वर कोणाकडे टाइल्सचं काम झालंय का? गवंडी सिमेंटचं पाणी मोरीतच ओततात, ते तळाला बसून दगड होतं. आणि चेंबरजवळ झाड आहे का?

तळमजलेकरीण
दादा, दोन्ही आहे! दुसऱ्या मजल्यावर मे महिन्यात बाथरूम फोडलं होतं. आणि तिसऱ्या चेंबरला खेटून उंबर आहे, त्याला कोणी हात लावू देत नाही.

पान्हेवाला
मग बघायलाच नको. चिनी मातीच्या जुन्या पाइपाच्या सांध्यातून केसाएवढं मूळ आत शिरतं आणि आत झाडूसारखं पसरतं. त्यात तेल-तूप, वाइप्स, पॅड अडकतात. गच्चीच्या पावसाचा पाइप चेंबरला सोडलाय का तेही बघा. तो तसा सोडायचा नसतो.

निवृत्त_खजिनदार
खर्चाचं मी सांगतो. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नियमावलीत) ड्रेनेज लाइनची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाच्या यादीत आहे. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी बोलाल तर पुढच्या एकादशीपर्यंत बसाल.

तळमजलेकरीण
अपडेट. दुसरा चेंबर काठोकाठ, तिसऱ्यात टिचभर पाणी. जेटिंगवाल्याने मधल्या पाइपातून हातभर लांब मुळांचा गुंता काढला, त्यावर मेणबत्तीसारखा पांढरा तुपकट थर, आणि आत कोणाचा तरी टूथब्रश. तळाशी सिमेंटच्या खपल्या होत्याच. परवापासून मोरी कोरडी आहे. अर्जाची पोच दाखवल्यावर सेक्रेटरींनी चेक काढला. उंबराजवळचे दोन पाइप बदलून पीव्हीसी टाकायचं ठरलंय. गच्चीचा पाइप मात्र चेंबरलाच निघाला. तो वळवायला वरचे दोन्ही मजले तयार नाहीत, रविवारी मीटिंग आहे.