इटलीत वाईनरीचा दिवस आणि दुपारचं जेवण : तुमचे अनुभव लिहा

कोथरूडकरीण
ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं फ्लॉरेन्सला चार रात्री राहणार आहोत. मी, नवरा, आई आणि बाबा. त्यातला एक दिवस कियांती या जवळच्या वाईनच्या मुलखासाठी ठेवलाय. नवऱ्याने केलेली यादी बघून मला यात्रा कंपनीचं पत्रक आठवलं : सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, पाच वाईनऱ्या, मध्ये कुठेतरी 'जेवण, जमल्यास'. बाबा चवीपुरती घेतात. आई घेत नाही आणि ती पूर्ण शाकाहारी. जाऊन आलेल्यांनी लिहा. कियांतीच हवं असं नाही, इटलीतला कुठलाही द्राक्षांचा मुलूख चालेल. नुसती नावं नकोत, दिवस कसा गेला ते सांगा.

आळशी प्रवासी
पाच? नवऱ्याला दंडवत. दोन करा.

आम्ही तीन केल्या होत्या. एका ठिकाणी दीड-दोन तास जातात : आधी मळा, मग टाक्या, मग तळघरातली लाकडी पिंपं, शेवटी चार-पाच ग्लास. पहिल्या ठिकाणी सगळं नवं होतं. तिसऱ्या ठिकाणी बाईंनी स्टीलच्या टाकीसमोर उभं राहून बोलायला सुरुवात केली आणि आमचे चेहरे सत्यनारायणाच्या पाचव्या अध्यायाला होतात तसे झाले. वाईन चांगली होती म्हणे. मला काही आठवत नाही.

शिवाय फ्लॉरेन्स ते कियांतीतलं ग्रेव्हे गाव जेमतेम तीस किलोमीटर दिसतं, पण कियांतीजाना म्हणजे एसआर २२२ हा रस्ता सगळा वळणांचा. तासभर धरा. वेळ आधी ईमेलवर ठरवावी लागते. बहुतेक जागा म्हणजे शेतावरचं राहतं घर असतं, दुकान नव्हे. रविवारी बऱ्याच बंद.

आमची खरी चूक जेवणाची. दुसऱ्या वाईनरीतून निघून पावणेतीनला गावात पोचलो तर स्वयंपाकघरं बंद. अडीचच्या सुमाराला बंद होतात ती थेट संध्याकाळी साडेसातला उघडतात. ग्रेव्हेच्या तिकोनी चौकात बसून पाव आणि पेकोरिनो चीज खाल्लं. तोस्कानाचा, म्हणजे या सगळ्या प्रांताचा, पाव अळणी असतो हे तेव्हा कळलं. त्यामुळे आधी एक वाजताचं टेबल पक्कं करा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक वाईनरी बसवा. साडेदहा आणि साडेतीन.

स्टिअरिंगवाला
गाडी कोण चालवणार ते आधी ठरवा. इटलीत मर्यादा रक्ताच्या लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोल. लायसन्स मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. आपल्याकडच्या ०.३पेक्षा सैल वाटते, पण चार ग्लासांत ती कधी ओलांडली ते कळत नाही. चव बघून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि या धंद्यातली माणसं सर्रास थुंकतात. मी एकदा केलं. सासरे म्हणाले, "पैसे मोजून थुंकायचं?" पुढच्या ग्लासापासून माझा धीर गेला आणि संध्याकाळी बायकोने गाडी चालवली.

आंतरराष्ट्रीय परवाना बरोबर ठेवा. जुन्या गावांच्या वेशीवर 'झेडटीएल' (बाहेरच्या गाड्यांना बंदी) लिहिलेली पाटी दिसली की आत घुसायचं नाही, कॅमेरा फोटो काढतो. मी घुसलो, दंडाचं पत्र चार महिन्यांनी पुण्याला आलं. चौघं आहात तर दिवसभरासाठी चालकासकट गाडी करा. ते महाग वाटत असेल तर फ्लॉरेन्सहून ग्रेव्हेला बसही जाते.

मिसळपाव
एवढ्या लांब कशाला? नाशिक आहे की.

द्राक्षवाला, दिंडोरी
नाशिकचाच आहे म्हणून लिहितो. तीन पिढ्या द्राक्षबाग. आमच्या गावचे सहा जण गेलो होतो माँताल्चिनोला, सियेनाच्या दक्षिणेला. तिथली ब्रुनेल्लो वाईन फक्त सांजोवेसे या एकाच जातीची.

बाकीचे पाहुणे ग्लास हलवत होते, आम्ही सहाही जण खाली वाकून खोडं बघत होतो. आपल्याकडे वर्षाला दोन छाटण्या : एप्रिलमध्ये खरड, ऑक्टोबरमध्ये गोडी. तिथे थंडीत वेल पार झोपतो, छाटणी एकच. मांडव नाही, तारांवर उभी भिंत केल्यासारखी ओळ. ओळीच्या टोकाला गुलाब. शोभेचा वाटला, पण भुरी हा बुरशीचा रोग गुलाबावर आधी दिसतो म्हणून लावायची जुनी रीत आहे म्हणे.

मग मालकाने आकडा सांगितला. नियमाने हेक्टरी आठ टनांच्या वर माल घ्यायचा नाही. म्हणजे एकरी सव्वातीन टन! आमच्याकडे टेबलच्या द्राक्षाला एकरी दहा टन निघाली नाहीत तर घरात सुतक. उन्हाळ्यात हे लोक हिरवे घड कापून जमिनीवर टाकतात, उरलेल्यात रस उतरावा म्हणून. विरळणी आम्हीही करतो, पण मण्यांची. अख्खे घड पायाशी पडलेले पाहायला आमच्या काकांना जमलं नसतं. त्यावर कडी म्हणजे २०२०चा माल २०२५च्या १ जानेवारीआधी ब्रुनेल्लो म्हणून विकता येत नाही. त्यातली किमान दोन वर्षं लाकडात. मी विचारलं, "तोवर घर कसं चालवता?" तो हसला आणि दुसरी बाटली पुढे केली. रोस्सो दी माँताल्चिनो. द्राक्ष तेच, पण वर्षभरात बाजारात येते. हातखर्चाची सोय.

तासाची भेट तीन तास चालली. दुसरी वाईनरी रद्द केली, जेवण त्यांच्याच ओट्यावर झालं. तेव्हा कोथरूडकरीण, तुम्हाला सांगणं एवढंच : जिथे मालक स्वतः भेटेल अशी छोटी जागा बघा आणि त्याला वाईनबद्दल नाही, शेतीबद्दल विचारा. बसगाड्यांच्या मोठ्या ठिकाणी पाठ केलेलं भाषण मिळतं.

साबुदाणा
आईंच्या जेवणाचं. तोस्काना मांसाचा मुलूख, पण उपाशी राहणार नाहीत. पीची अल्लाल्योने म्हणजे हाताने वळलेल्या जाड शेवया, टोमॅटो आणि भरपूर लसूण. पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे पाव-टोमॅटोचं दाट सार. रिबोल्लीता म्हणजे पांढरा घेवडा, काळपट पालेभाजी आणि शिळा पाव. आपल्या फोडणीच्या पोळीचीच जातकुळी. मात्र सूप मांसाच्या पाण्यात केलंय का ते विचारा. 'सेन्त्सा कार्ने' म्हणजे 'मांसाशिवाय' म्हटलं तरी माझ्या ताटात हॅमचे तुकडे आले होते. काही जणांच्या लेखी ते 'कार्ने'त बसत नाही. पार्मिजानो चीजमध्ये रेनेट म्हणजे दूध फाडायला वासराच्या पोटातून काढलेला अर्क असतो, कडक पाळत असाल तर तेही नको. बिलात 'कोपेर्तो' दिसलं की वाद घालू नका. ते बसायचे आणि पावाचे पैसे.

मिलानचा पाहुणा
उत्तरेचं कोणीच लिहिलं नाही. वायव्येकडचा बारोलो वाईनचा मुलूख, नोव्हेंबरमध्ये. सकाळी दरीत धुकं, ला मोर्रा या टेकडीवरच्या गावाच्या कट्ट्यावरून खाली नुसता कापूस पसरलेला. ला मोर्राहून बारोलो गावापर्यंत मळ्यांमधून पायी उतरलो, वाटेत एकच वाईनरी. गाडीचा प्रश्नच नाही. जेवायला ताजारीन, अंड्याच्या बलकांच्या बारीक पिवळ्या शेवया. वर पांढरा ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी महागडी बुरशी. वेटर ट्रफल आधी वजन करतो, टेबलाशी किसतो, पुन्हा वजन करतो, फरकाचे पैसे. सराफाकडे बसल्यासारखं वाटतं. मित्र किसणाऱ्या हाताकडेच बघत होता, शेवया गार झाल्या.

कोथरूडकरीण
जाऊन आलो. पाचाच्या दोन झाल्या. चालकासकट गाडी केली आणि त्याच्यामुळे बाबांना काळ्या कोंबड्याची गोष्ट मिळाली, तीच जी कियांती क्लासिकोच्या बाटलीच्या गळ्यावर असते. फ्लॉरेन्स आणि सियेनाची हद्द ठरवायला दोन्हीकडून कोंबडा आरवल्यावर एकेक स्वार निघणार, भेटतील तिथे सीमा. फ्लॉरेन्सवाल्यांनी आपला काळा कोंबडा उपाशी ठेवला, तो उजाडायच्या कितीतरी आधी आरवला आणि जवळपास सगळी कियांती त्यांची झाली. बाबा म्हणाले, आपण कोंबडं झाकून ठेवत बसलो.

जेवण एकला सुरू झालं ते साडेतीनला संपलं. दुसऱ्या वाईनरीला फोन करून तासभर पुढे ढकललं, कोणी कुरकुर केली नाही. आईची मला काळजी होती, पण तिथे ऑलिव्हचं ताजं तेल नुकतंच निघालं होतं. हिरवंगार. पावावर घालून दिलं. आईला ठसकाच लागला. "यात मिरची घातलीय का?" मालकीणबाई खूश! तेल ताजं असलं की घशाला असंच लागतं म्हणाल्या. मग दोघी खाणाखुणांनी अर्धा तास तेलघाण्यावर बोलत होत्या आणि आम्ही तिघं ग्लास घेऊन बाजूला उभे.

येताना माणशी दोन लिटरपर्यंत दारू भारतात शुल्काशिवाय आणता येते, त्या हिशेबात चार बाटल्या आणि तेलाचा एक डबा आणला, सगळं कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत. डबा अर्धा संपला, ठेच्यावर झकास लागतं. बाटल्या कधी उघडायच्या यावर घरात अजून एकमत नाही.